नस्तीबंद

पिंपळवळ,
ता. १६ नोव्हेंबर २००६

चि. ज्ञानेश यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं की तू ते चहाबरोबर वाचतोस, हसतोस आणि मावशी त्यावर गरम पातेलं ठेवते. या वेळी मला तुझ्या आपत्ती कक्षाचं उत्तर हवं आहे, मावसभावाचं नको.

गेल्या गुरुवारी तुमची माणसं रंगीत तालीम घेऊन गेली. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा बसवला. आमचे हे, देवराम, शिफ्टवरून आले आणि बघताक्षणी म्हणाले, "हा तर आमच्या सातपूरच्या बंद पडलेल्या कंपनीचा! ह्याच्यावर बारा वर्षं लोकांनी जेवणाचे डबे उघडले." असो. सरकारी काम, जुनं ते सोनं म्हणायचं.

तालीम अशी होती : अतिरेकी येणार, बॉम्ब फुटणार, विषारी वायू सुटणार. कोतवाल नाथा भोंगा वाजवणार. वाजला की घरात शिरायचं, दार लावायचं, आडणा घालायचा, दाराखालच्या फटीत ओली गोधडी कोंबायची आणि दुसरा भोंगा होईपर्यंत दार-खिडकी उघडायची नाही. माझे सासरे पहिले आले. सरकारचं म्हटलं की मामंजींना ते देवाचं वाटतं, तुला माहीतच आहे. लसीकरण असो, साक्षरता असो, सावळीराम सगळ्यांच्या पुढे. तुझ्या साहेबांनी त्यांच्या सदऱ्याला 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावला. तो ते झेंडू तोडतानासुद्धा काढत नाहीत. मला अंगणवाडीत गाणं शिकवायला सांगितलं, तेही मी शिकवलं. 'भोंगा वाजला पों पों पों, घरात पळा हो, दार लावा हो.' एकोणीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात.

आता प्रश्न. तुमचा कागद मी उलटून वाचला. बहुतेक तुमच्याकडेही कुणी वाचला नसावा. मागच्या बाजूला पूर आहे. तिथे लिहिलंय, 'भोंगा वाजताच घर सोडावे व उंच जागी जावे.' म्हणजे पुढच्या बाजूला आत जा, मागच्या बाजूला बाहेर पडा. भोंगा एक, आवाज एक. मी नाथाला विचारलं तर म्हणाला, "ताई, मला फक्त बटन दाबायला सांगितलंय. कशासाठी ते नाय सांगितलं."

तुमचा अतिरेकी यायचा तेव्हा येईल. सोनवळ नदी मात्र दर दोन-तीन वर्षांनी आमच्या खालच्या मळ्यात येते, बोलावणं न पाठवता. पाण्याचा भोंगा कसा ओळखायचा, एवढंच लेखी कळव.

तुझी,
छायाताई

*

नाशिक,
ता. २ डिसेंबर २००६

ती. सौ. छायाताईस सा. न.

तुझ्या पत्रानं कक्षात मोठी करमणूक झाली. 'बोलावणं न पाठवता येणारी सोनवळ' मी सगळ्यांना वाचून दाखवली. शिपाई देशमानेसुद्धा हसला, आणि तो पगाराच्या दिवशीही हसत नाही.

तुझ्या पत्राला रीतसर आवक क्रमांक मिळाला आहे, ३४१. म्हणजे ते आता सरकारचं झालं. साहेबांसमोर ठेवलं आहे आणि तुझा मुद्दा विचाराधीन आहे. काळजी करू नकोस. आमचा आराखडा दोनशे बारा पानांचा आहे, त्यात कुठे ना कुठे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असेलच. पुराच्या वेळी भोंग्याच्या आधी दवंडी देण्याचं आहे बहुतेक. वरच्या सोनवळ तलावाचं पाणी सोडायचं असेल तर तासभर आधी कळतं.

हल्ली इथे श्वास घ्यायला वेळ नाही. एकतीस डिसेंबरच्या आत आराखडा मंजुरीला गेला पाहिजे. बॉम्ब, भूकंप, पूर, चेंगराचेंगरी सगळं एकाच टेबलावर, आणि टेबल माझं. सावळीराममामांना नमस्कार सांग. त्यांच्यासारखी शंभर माणसं असती तर आमचं काम सोपं झालं असतं.

तुझा,
ज्ञानेश

*

पिंपळवळ,
ता. २२ ऑगस्ट २००७

चि. ज्ञानेश,

सोबत राखी आहे. पौर्णिमा अठ्ठावीसला आहे, त्याच्या आत पोचेल. आईच्या हातून बांधून घे. तुझ्या रक्षणाची जबाबदारी माझी नाही, माझ्या रक्षणाची तुझी आहे, हे एवढं वर्षातून एकदा लक्षात ठेव.

माझ्या पत्राचं काय झालं? नऊ महिने झाले. एवढ्या दिवसांत बाईला मूल होतं. मामंजी दर आठवड्याला विचारतात, "छाया, पाण्याच्या भोंग्याचं उत्तर आलं का?" मी म्हणते, विचाराधीन आहे. ते मान डोलावतात. विचाराधीन म्हणजे कुणीतरी मोठा माणूस खुर्चीत बसून विचार करतोय, असं त्यांना वाटतं.

दर महिन्याला ते स्वतः घरोघर जाऊन तालीम घेतात. प्रत्येक दारामागे गोधडी आहे की नाही बघतात. माझ्या सासूबाईंना तो भोंगाच ऐकू येत नाही. त्या मामंजींना चिडवतात, "तुमचा अतिरेकी आला तर मला हातानं हलवून सांगा, नायतर मी त्याला चहा करीन."

वर घाटाकडे पाऊस लय आहे म्हणतात. इथे ऊन पडलंय. तेवढं उत्तराचं बघ.

छायाताई

*

नाशिक,
ता. ३ सप्टेंबर २००७

ती. सौ. छायाताईस,

काय लिहावं सुचत नाही. सावळीराममामा गेले यावर अजून विश्वास बसत नाही. अंत्यविधीला येता आलं नाही, क्षमा कर. नियंत्रण कक्षात चोवीस तास बसून होतो. रस्तेही बंद होते.

देवरामभाऊजींना धीर दे. तुझ्या सासूबाईंची, कुसामावशींची, तब्येत जप. एकाच गोष्टीचं समाधान मानायचं की सूचना वेळेवर दिली गेली होती. तलावाचं पाणी सोडताच दुपारी पावणेदोनला इथून तुमच्या नाथाला फोन गेला, भोंगा दोनला दहा कमी असताना वाजला. तशी नोंद आहे. यंत्रणेनं आपलं काम केलं. नियतीपुढे कुणाचं चालतं?

राखी पोचली होती.

तुझा,
ज्ञानेश

*

पिंपळवळ,
ता. १७ सप्टेंबर २००७

ज्ञानेश,

आशीर्वाद वगैरे लिहायला हात उचलत नाही.

काल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तुमच्या अहवालाची प्रत लावली. मी वाचली, मग सगळ्या वस्तीला मोठ्यानं वाचून दाखवली. 'पिंपळवळ, खालचा मळा. घरे बाधित अकरा. मयत एक. कारण : आगाऊ सूचना देऊनही ग्रामस्थांनी सूचनेकडे दुर्लक्ष केले.'

दुर्लक्ष! आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. तुझ्या नोंदीत ते नसेल.

बुधवार होता, राखीचा दुसरा दिवस. आभाळात ढग नव्हता. चार दिवस टीव्हीवर बॉम्बस्फोटाच्याच बातम्या, रक्त, धावणारी माणसं. दुपारी भोंगा वाजला. दवंडी नाही, काही नाही. नाथाला फोनवर कोणीतरी म्हणालं होतं, "भोंगा द्या, लगेच द्या," आणि ठेवून दिलं. त्यानं बटण दाबलं. त्यानंतर पाच मिनिटांत वीज गेली. दुसरा भोंगा वाजणार कुठून?

आणि वस्तीनं काय केलं? वस्तीनं ऐकलं, ज्ञानेश. एकूण एक घरानं ऐकलं. जे शेतात होते ते धावत घरात आले. दारं लावली, आडणे घातले, गोधड्या भिजवून फटीत कोंबल्या. मीही अंगणवाडीचं दार लावलं. एकोणीस पोरं आत घेतली, त्यांना भिंतीशी बसवलं आणि ती माझं गाणं म्हणायला लागली. 'दार लावा हो.' बाहेर सोनवळ येत होती आणि आम्ही आत गाणं म्हणत होतो.

आम्हाला कुणी वाचवलं असेल? तुझ्या दोनशे बारा पानांनी? माझ्या बहिऱ्या सासूनं. आत्याबाई टेकाडावर शेळ्या चारत होत्या. भोंगा त्यांना ऐकूच आला नाही. त्यांना दिसलं ते पाणी. लाल, उभं, झाडं घेऊन येणारं. त्या तिथून सुटल्या, सत्तर वर्षांची बाई, आणि अंगणवाडी वाटेत पहिली लागते म्हणून तिथे आल्या. दारावर दोन्ही हातांनी मारायला लागल्या. मला वाटलं अतिरेकी आला. खरं सांगते, मी पोरांना म्हटलं, आवाज करू नका! मग त्यांची हाक ऐकू आली. "छाये, दार उघड! नदी आली गं, मेलीस का आत?" आम्ही पोरं खांद्यावर, कडेवर, हाताला धरून टेकाडावर नेली. शेवटच्या पोराला घेऊन निघाले तेव्हा पायरीवर पाणी होतं.

तिथून आत्याबाई आणि मी घराकडे ओरडत राहिलो. बाकीची माणसं कौलं फोडून, पत्रे उचकटून छपरावर आली. आमच्या घरावर कुणी आलं नाही. आत्याबाई म्हणत होत्या, "ते बाहेर पडलेच असतील. येवढं पाणी डोळ्यांनी दिसतंय, आत कोण बसंल?"

ते आतच होते. संध्याकाळी पाणी उतरल्यावर देवरामनी सातपूरहून येऊन दार फोडलं. आडणा पाण्याच्या दाबानं भिंतीत रुतून बसला होता. फटीत गोधडी अजून तशीच, नीट घडी घालून कोंबलेली. सदऱ्यावर तुमचा बिल्ला. खाट भिंतीला लावून त्यावर चढले होते, पण खिडकी उघडली नव्हती. खिडकीही उघडायची नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना? ते दुसऱ्या भोंग्याची वाट बघत होते.

त्या माणसानं जन्मात सरकारच्या एका शब्दाकडे दुर्लक्ष केलं नाही, आणि त्याच्या नावापुढे तुम्ही 'दुर्लक्ष' लिहिलंत. ऐकलं म्हणून गेले ते. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्या वाचल्या आणि त्यांनी वीस जणांना वाचवलं. वीस म्हणजे पोरं एकोणीस आणि मी.

मला दोन गोष्टी हव्यात. ती ओळ खोडायची. आणि माझं गेल्या नोव्हेंबरचं पत्र, आवक क्रमांक ३४१, ते कुठे आहे आणि त्यावर कोणी काय विचार केला, ते सांगायचं.

छाया

*

नाशिक,
ता. ५ ऑक्टोबर २००७

ती. छायाताईस,

तुझं दुःख मी समजतो, पण तू मला ज्या भाषेत लिहिलंस ती शत्रूशी बोलायची भाषा आहे. मी साधा कारकून आहे. भोंगा मी विकत घेतला नाही. पाणी मी सोडलं नाही. नाथाला फोन मी केला नाही. अहवाल साहेबांच्या सहीनं गेला, मी फक्त टंकलेखन केलं. 'दुर्लक्ष' हा शब्द छापील नमुन्यातला आहे, सगळीकडे तोच वापरतात. तो कुणा एका माणसाला उद्देशून नसतो.

तुझं पत्र शोधलं. मध्यंतरी कक्ष दुसऱ्या मजल्यावर हलवला, त्यात बरीच कागदपत्रं इकडची तिकडे झाली. सापडलं की कळवतो.

आणि एक विनंती. भाऊजी कुणाजवळ माहितीच्या अधिकाराबद्दल बोलत होते असं कानावर आलं. कृपा करून तसलं काही करू नका. अशा अर्जांनी मेलेलं माणूस परत येत नाही, जिवंत माणसाच्या पोटावर मात्र पाय येतो. माझ्या तनयची यंदा दहावी आहे.

ज्ञानेश

*

पिंपळवळ,
ता. ९ ऑक्टोबर २००७

ज्ञानेश,

अर्ज कालच टाकला. तुझ्या भाऊजींनी नाही, मी. दहा रुपयांचं तिकीट लावून, वर माझं नाव, खाली आत्याबाईंचा अंगठा.

तुझ्या पोराची दहावी आहे म्हणतोस. माझ्याकडे एकोणीस पोरं आहेत. त्यांना भोंगा नुसता आठवला तरी ती दाराकडे पळतात. काही लावायला, काही उघडायला. दारात मारामारी होते. मला त्यांना अजून सांगता येत नाही की खरं काय करायचं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. चीड येते, म्हणून सांगते. राखीच्या आधी मामंजींनी मला विचारलं होतं, "उत्तर येईपर्यंत काय करायचं गं? भोंगा वाजला तर आत का बाहेर?" मी म्हटलं, "उत्तर येईपर्यंत आहे तेच करायचं. दार लावायचं." तुझ्यावर विश्वास ठेवून म्हटलं. पत्र साहेबांसमोर आहे, असं तू लिहिलं होतंस. ते कुठे होतं, सांग. तीस दिवसांत सरकार सांगेलच. त्याआधी तू सांगितलंस तर मला तू कोण आहेस ते कळेल.

छाया

*

नाशिक,
ता. ३० ऑक्टोबर २००७

ताई,

पत्र कधीच हरवलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलाच्या उजव्या खणात होतं. झेरॉक्स सोबत पाठवतो आहे. अर्जाचं उत्तर कक्षाकडून जायचं तेव्हा जाईल, त्याचा मसुदाही माझ्याकडेच आला आहे. पण तुला आधी माझ्याकडून मिळावं.

समासातला शेरा बघ. ते अक्षर तू ओळखशील. 'सदर पत्र कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचे असून विनोदी स्वरूपाचे आहे. कार्यवाहीची आवश्यकता नाही. नस्तीबंद.' खाली सही माझी. तारीख तीस नोव्हेंबर. आम्ही फाइलला नस्ती म्हणतो. नस्तीबंद म्हणजे ती फाइल बांधून ठेवायची, पुन्हा उघडायची नाही.

तुला 'विचाराधीन' लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी मी ती बंद केली होती. साहेबांनी ते पत्र पाहिलंच नाही. एक जरी हरकत प्रलंबित दिसली असती तर आराखडा परत आला असता आणि मुदत हुकली असती. मुदत हुकली की कुणाचा तरी बळी जातो, आणि तो नेहमी कारकुनाचा असतो. म्हणून मी हसून टाकलं. सगळ्यांना वाचून दाखवलं, ते हसले, आणि मला वाटलं हसण्यासारखंच आहे.

तुझा मुद्दा मला कळला होता, ताई. पहिल्या वाचनात कळला होता. तो कागद तसा छापायला मीच दिला होता. एक बाजू एका परिपत्रकातून उचलली, दुसरी बाजू दुसऱ्यातून. समोरासमोर ठेवून वाचल्या नाहीत.

आणखी एक. अहवालात 'कारण' हा रकाना साहेबांनी मोकळा सोडला होता. तो मी भरला. नमुना वगैरे काही नव्हतं. खरं कारण लिहायला गेलो असतो तर ३४१ क्रमांक बाहेर आला असता.

या कागदाचं तुला जे करायचं ते कर. मी अडवणार नाही. भाऊबीजेला येऊ की नको, तेवढं सांग.

ज्ञानेश

*

पिंपळवळ,
ता. ६ नोव्हेंबर २००७

ज्ञानेश,

झेरॉक्स मिळाली. शेरा वाचला. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. चौथीत तुला 'ब' नीट काढता येत नव्हता, मीच पाटीवर गिरवून घेतला होता. 'बंद'मधला 'ब' तोच आहे.

आम्ही दार बंद केलं आणि तू नस्ती बंद केलीस. फरक एवढाच की आम्हाला तसं सांगितलं होतं.

काल ग्रामसभा झाली. तुझं पत्र आणि तो शेरा मी वाचून दाखवला. नाव गाळलं नाही. ठराव एकमतानं झाला : 'दुर्लक्ष' हा शब्द काढावा आणि तिथे 'सूचनेचे पालन केल्यामुळे' असं लिहावं. ठराव, माझं पत्र आणि तुझा शेरा, तिन्ही एकत्र वर पाठवले आहेत, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. तुझ्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. वाईट वाटतं. वाटलं तरी पाठवलं. तनयची दहावी होऊ दे चांगली, त्याचा यात काही दोष नाही.

भोंगा आम्ही खाली उतरवला. देवराम म्हणतात, भंगारात घाला. मी म्हटलं, नाही, ठेवा पंचायतीत, कुणी विचारलं तर दाखवता येईल. पाण्यासाठी आता देवळाची घंटा. थांबवायचीच नाही, वाजतच राहायची. पोरांना नवं गाणं शिकवलं आहे. त्यात दार लावत नाहीत.

भाऊबीजेला ये. रविवारी आहे. ओवाळीन. आईनं मला तुझ्या मागे उभं राहायला शिकवलंय, ते एका शेऱ्यानं सुटत नाही. पण ताटाला हात लावण्याआधी एक काम करायचं. तो कागद घेऊन आत्याबाईंच्या समोर बसायचं आणि समासातलं वाचायचं. पहिल्यापासून, सहीपर्यंत, तारखेसकट. त्या रोज विचारतात, "मी आधी घरी गेले असते तर हे वाचले असते का गं?" त्यांना मी काही सांगितलं तरी पटत नाही. तू सांग, चूक कुणाची होती.

आणि पुटपुटून चालणार नाही. त्यांना ऐकू येत नाही. तुला मोठ्यानं वाचावं लागेल.

छायाताई